पाचाची मोटर
वार्निशचा वास आला की हातकणंगल्यातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आठवतं. डिप्लोमा करून मी तिथं नवाच लागलो होतो, आणि एका शेतकऱ्याच्या पाच एचपीच्या मोटरीची गंजलेली पाटी काढून मी नवी ठोकली, ३.७ किलोवॅटची. तो दुकानातच ओरडला, “पाचाची दिलती मी! बदलून देताय व्हय?” गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाचाचे ३.७ किलोवॅटच, असं मी भिंतीवर खडूनं मांडून दाखवलं. “गणित तुमचं, पावणं. मोटर माझी हाय की!” दुकानातल्या मिस्त्रींनी माझी पाटी काढली, उलटी केली आणि तिच्यावर ‘५ एचपी’ ठोकलं. शेतकऱ्यानं त्या पाचावरनं अंगठा फिरवला नि मोटर उचलून नेली. आता कागलच्या कारखान्यात मी दिवसभर किलोवॅटच लिहितो. आमच्या विहिरीवरची मोटर मात्र पाचाचीच आहे.