लाल खुणेचं झाड

झाड ओळखणं मला कधी अवघड वाटलं नाही. हिरवं असलं तर झाड, वाळलं की जळण. एवढ्या ज्ञानावर मी लातुरात झाडं तोडायची मशिनं विकते.

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, कुलपं, फवारणीचे पंप, आणि अलीकडे पेट्रोलवर चालणारी करवत. सगळे तिला कटर म्हणतात. "लोण्यासारखं लाकूड कापतं," असं मी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगते. (मी आजवर त्याने काय कापलं होतं? दुकानासमोर प्रात्यक्षिक दाखवायला ठेवलेला एक बांबू. तोही यांनी कापला होता.)

तर आमच्या लेकीचं, स्नेहलचं, लग्न औशाजवळच्या आमच्या गावी ठरलं. आदल्या दिवशी गावाला चूलबंद आवतण. म्हणजे त्या दिवशी गावात कुणाच्या घरी चूल पेटायची नाही, सगळे आमच्या मांडवात जेवायला. गॅसच्या शेगड्या आणू म्हटलं, तर आचारी मारोतीमामांनी हात जोडले.

"वैनी, गॅसवर वरण शिजतं, पण त्याला चव न्हाई येत. मला जळण पायजे. बाभळीचं. कडक!"

"किती?"

"तुमची गाडी भरून!"

मी म्हटलं, त्यात काय! गाडी आपली आहे, कटर आपला आहे, बांधावर वेड्या बाभळी माजल्यात. सकाळी जळण, दुपारी देवक बसवायचं, मग पंगत, संध्याकाळी हळद. माझा आराखडा पक्का होता. माझे धाकटे दीर, बालाजी भाऊजी, गावातच असतात आणि शेती बघतात. ते नेमके आवतण द्यायला घरोघर फिरत होते. त्यांनी जाता जाता ओरडून सांगितलं, "वैनी, वड्याकडच्या बांधावरच्या वेड्या बाभळीच तोडा! मी येऊ का?"

"काही गरज नाही!" मी म्हटलं.

या वाक्यानेच पुढची सगळी दुपार खाल्ली.

आम्ही दुकानाचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन बांधावर पोचलो. यांनी डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे असा सगळा साज चढवला. (सगळं दुकानातलंच. लेबलंसुद्धा काढली नव्हती.) मशीन काही केल्या चालू होईना. यांनी दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घ्यायची वेळ आणली.

"अहो, चोक ओढा!"

"ओढला."

"मग परत आत ढकला!"

"मी चालवून राहिलो ना? तू झाड दाखव!"

एवढ्यात मशीन गुरगुरलं आणि मी झाड दाखवलं. आधी चार-पाच बारक्या बाभळी आडव्या झाल्या. पण काटेच जास्त, लाकूड कमी. अशानं मारोतीमामांची चूल काय, चहाचा स्टोव्हसुद्धा पेटला नसता. मग मला ते दिसलं. बांधाच्या टोकाला, त्याच गर्दीत उभं, चांगलं जाडजूड झाड. तसेच काटे, तशीच बारीक पानं. आणि बुंध्यावर लाल खूण!

रस्तारुंदीच्या वेळी तोडायच्या झाडांना लाल रंगाच्या खुणा करतात, हे मी औसा रोडवर डोळ्यांनी पाहिलं होतं. मला भाऊजींचं कौतुक वाटलं.

"बघा, भाऊजींनी खूण करून ठेवलीय. हेच तोडायचंय."

हे चष्मा वर करून म्हणाले, "नक्की ना?"

"मी सांगतेय ना!"

झाड तुटलं. खरोखर लोण्यासारखं. तेवढ्यात शेळ्या राखणारी एक बाई आली. "ताई, पाला घेऊ का शेळ्यांना?" मी उदार मनाने म्हटलं, "सगळा घे!" शेळ्या अशा तुटून पडल्या, जणू त्यांनासुद्धा आमचं आवतण गेलं असावं. आम्ही ओंडके गाडीत भरले. एक ओंडका मागून बराच बाहेर आला. त्याला बांधायला लाल फडकं नव्हतं, म्हणून मी त्याच झाडाची एक हिरवीगार डहाळी बांधली. वाहतुकीचे नियम मी पाळते.

फाट्याजवळ फुस्स आवाज झाला. मागच्या चाकात बोटाएवढा काटा. हे चाक बदलायला बसले आणि मी ती डहाळी सोडून गाडीच्या मागे, भर रस्त्यात टाकली. आपल्याकडे हेल्मेट कुणी मानत नाही, सिग्नल कुणी मानत नाही, पण रस्त्यात हिरवी फांदी दिसली की मोठमोठे ट्रक वळसा घालतात. चाक बसलं, आम्ही निघालो, फांदी तिथेच राहिली.

मांडवात पोचेपर्यंत मी विजयी वीर होते. मारोतीमामांनी जळण बघून मान डोलावली, चुली पेटल्या, वरणाचं पातेलं चढलं. मी हात धुऊन चहाचा कप तोंडाला लावला, आणि मागून किंकाळी आली.

किंकाळी आक्कांची होती. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, दिलेली निलंग्याला, पण राज्य अजून माहेरावर. चुलीत सरकवायला घेतलेल्या जाड ओंडक्यासमोर त्या उभ्या होत्या.

"ह्याला कुंकू कुणी लावलं?"

"कुंकू नाही आक्का, ती तोडायची खूण..."

"सुनंदा! आगं हे सौंदड हाय! आपलं देवक!"

माझ्या हातातला चहा थंड झाला. देवक म्हणजे आमच्या कुळाचं झाड. लग्नाआधी त्याची पाल्यासकट डहाळी वाजतगाजत आणायची, मांडवात बसवायची, आणि मगच हळद लागायची. ते झाड तोडायचं नाही आणि जाळायचं तर नाहीच. आमचं देवक सौंदड, ज्याला लातुरात शमी म्हणतात, हे मला पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं. पण मी पाहिली ती पूजेतली डहाळी, काटे काढलेली. फोटोतला माणूस बाजारात भेटला तर ओळखू येतोच असं नाही!

एवढ्यात बालाजी भाऊजी आले. त्यांनी ओंडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वैनी, दसऱ्याला समदं गाव कुंकू लावून पाया पडतं त्याच्या. तुम्हाला ठाव न्हाई?"

"दसऱ्याला मी गावाकडे कधी असते? दुकानात मशिनांची पूजा असते."

(त्या पूजेत मधोमध मांडून, हार घालून, हाच कटर ठेवला होता. हे मी बोलले नाही.)

"दुसरं झाड कुठं आहे?" मी विचारलं.

"शिवारात एकच व्हतं. व्हतं!"

आक्का म्हणाल्या, "हाय एक, आमच्या निलंग्याकडं. जाऊन येईस्तोवर मुहूर्त टळून जाईल. देवक न्हाई तर हळद न्हाई. हळद न्हाई तर..." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पदराआडून एक डोळा मात्र माझ्यावर होता. खोलीच्या दारातून स्नेहल बघत होती. तिच्या मेंदीच्या हातांकडे पाहिलं आणि मी हातातला कप खाली ठेवला.

तिकडून मारोतीमामा ओरडले, "वरणाला उकळी येऊन राहिली! जाळ काढू का ठेवू, एकच सांगा!"

"काढा! सौंदड तेवढं काढा!" आक्का कडाडल्या.

पण पाला गेला, साल काळी पडली, आता सौंदड कोणतं आणि बाभूळ कोणती? सगळे पाहुणे कामाला लागले. कुणी ओंडका हुंगतं, कुणी वाजवून बघतं, कुणी नखाने खरवडतं. मुलगी बघायला आल्यावर झाली नसेल एवढी चौकशी एकेका लाकडाची झाली. जे ठाम बाभळीचं, ते चुलीत. जरा शंका आली, की ते कुंकू लावून तुळशीजवळ. तुळशीजवळचा ढीग वाढत गेला आणि चुलीतला जाळ निवत गेला. शेवटी मारोतीमामांनी स्वतःच्या हाताने गॅसची शेगडी मागवली. माझ्याकडे न बघता.

आणि मला ती फांदी आठवली.

"पाल्यासकट डहाळी आहे! फाट्यावर! रस्त्यात!"

आक्का म्हणाल्या, "मग देवक आणायला जायचं तसंच जायचं. वाजत."

झालं! पुढे हलगी आणि सनई, मागे माझा पदर यांच्या उपरण्याला बांधलेला, यांच्या खांद्यावर कुऱ्हाड, आमच्या डोक्यावर चौघांनी धरलेलं लाल वस्त्र, अशी मिरवणूक फाट्यावर पोचली. फांदी जागेवर नव्हती!

थोडं पुढे उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. तिच्या मागे, रस्त्याच्या मधोमध, आमचं देवक. ड्रायव्हर ट्रॉलीखालून अंग काढत उठला.

"का हो, वरात हिकडं कुठं?"

"दादा, ती फांदी आमची आहे."

"रस्त्यात पडली व्हती, मी घेतली. मागून कुणी येऊन धडकलं तर? न्हाई देत."

हे समजुतीच्या सुरात म्हणाले, "भाऊ, ते आमचं देवक आहे."

"मग आज ते माझं पण रक्षण करून राहिलंय! राहू द्या की."

हलगीवाला वाजवायचा थांबला. मागे गाड्यांची रांग लागली. एक जीपवाला हॉर्न मारमारून विचारू लागला, "गाडी कुणाची बंद पडलीय?" मी वर पाहिलं. डोक्यावर चांगलं लालभडक, लांबरुंद वस्त्र होतं.

"दादा, लाल कापड चालेल?"

तो क्षणभर विचार करून म्हणाला, "लाल तर चांगलंच की! लांबून दिसतं."

अशा रीतीने भर रस्त्यात अदलाबदल झाली. आमच्या डोक्यावरचं वस्त्र ट्रॉलीला बांधलं गेलं. मग आक्कांनी फांदीला हळद-कुंकू वाहिलं आणि यांना हुकूम सोडला, "हं, मार कुऱ्हाड."

"आक्का, ती सकाळीच तुटलीय!"

"नुसती टेकव! रीत हाय!"

यांनी कुऱ्हाड टेकवली. जीपवाल्यानेही खाली उतरून नमस्कार केला. आम्ही भर उन्हात, उघड्या डोक्याने, वाजतगाजत परतलो. देवक बसलं, हळद लागली, पंगत उठली. वरण गॅसवरचं आहे हे एकाही माणसाला कळलं नाही. (मारोतीमामा अजून मानत नाहीत.)

स्नेहल सुखात आहे. सौंदडाच्या बुंध्याला पुन्हा धुमारे फुटलेत आणि भाऊजींनी त्याभोवती तारेचं कुंपण घातलंय. तार आमच्याच दुकानातली, पण मला कुंपणाच्या आत सोडत नाहीत. शंकेचा ढीग अजून तुळशीजवळ आहे. जाळता येत नाही, टाकता येत नाही, येता-जाता नमस्कार तेवढा करायचा.

कटर मात्र मी अजूनही विकते. आता पेट्रोल-ऑइलचं सांगायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारते, "तुमचं देवक काय?" आणि गिऱ्हाईक गोंधळून यांच्याकडे बघतं, तेव्हा हे पावती फाडता फाडता सांगतात, "मशीन एक नंबर आहे. फक्त झाड दाखवायला हिला नेऊ नका."