चिंचेनं घासलेलं नाणं

मंडळी, दहा वर्षांपासून नाणी जमवतोय, म्हणून स्वतःला जाणकार समजत होतो. आज अकोल्याच्या नाणे प्रदर्शनात ती मस्ती उतरली.

आजोबांच्या डब्यातलं तांब्याचं एक नाणं सकाळीच चिंच-मीठ लावून घासलं. चकाचक झालं. तिथं टेबल लावून बसलेल्या बाळापूरच्या एका काकांना ते ऐटीत दाखवलं.

काकांनी नाणं दोन बोटांत, कडेनं धरलं. भिंगातून बघत राहिले.

"काहून घासलं भाऊ? तो मळ नव्हता. त्या काळ्या थरानंच त्याले इतके वर्षं जपलं."

"काका, डब्यात अजून बरीच आहेत. उद्या तीही घासणार होतो."

"अरे बाप्पा! हात नको लावू त्यायले!"

मग समोरची गिऱ्हाइकं सोडून काकांनी मला अर्धा तास नाणी कशी जपायची ते शिकवलं. शेवटी शर्टाच्या खिशातून एक गुळगुळीत, छाप पुसून गेलेलं नाणं काढलं.

"हे मी राखेनं घासलं होतं. माह्या बापाचं. खिशातच ठेवतो, मले लय समजते असं वाटलं की हात लावून पायतो."

काका, आमच्या आजोबांचा डबा तुमच्यामुळं वाचला.

मंडळी, तुमच्या खिशात असं कोणतं नाणं आहे?