किसनची तीनचाकी: कर्जत ते मोहोपाडा आणि परत

सायकलने कामावर जाणाऱ्या भावाबहिणींनो, तुमचं आणि माझं गाऱ्हाणं एकच आहे. रस्ता रुंद होतो तो मोटारींसाठी, फाटक सताड उघडतं ते मोटारींसाठी, आणि आपण मात्र कडेच्या खडीवरून अंग चोरून जायचं. हल्ली बॅटरीच्या सायकली आल्या आहेत. ऊनपावसात झाकलेल्या, पायडल मारायच्या आणि वर विजेच्या मोटारीची मदत असलेल्या तीनचाकीतून रोज ये-जा जमेल का, असं तुमच्यातले बरेच जण मला विचारतात. जमते. ऐंशीच्या दशकात कर्जत-खालापूरच्या रस्त्यावर मी ती जमलेली पाहिली आहे. कुठे अडते, तेही पाहिलं आहे.

मी तेव्हा कर्जतला शाळेत शिकवत होते आणि रविवारी कामगारांच्या सभांत बोलत होते. किसन आमच्या सभेत मागे बसायचा. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात तो फिटर होता. वाटेत चौक गावाच्या अलीकडे चढण आहे. तिथे सायकलवाले मागून येणाऱ्या टेंपोची साखळी धरून वर जात. सगळेच जात, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. एकदा टेंपो खड्ड्यात आदळला, किसनचा हात सुटला आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. सायकल सुटली. एसटी आठच्या भोंग्यानंतर पोहोचायची. शेवटी कारखान्याकडून लेखी आलं, आणखी एकदा उशीर झाला तर नाव कमी.

म्हणून त्याने तीनचाकी बांधली. दोन जुन्या सायकली तोडून सांगाडा, बसायला रेलायची खुर्ची, पाय पुढे पसरलेले. चालणारा उजवा पाय ट्यूबच्या पट्टीने पायडलला बांधलेला. भंगारातल्या जीपचा डायनॅमो मोटार म्हणून लावला, बॅटरीही जीपचीच. वरचं झाकण म्हणजे भातलावणीत पाठीवर घेतात ते बांबूचं इरलं. पहिल्यांदा त्याने ते सवयीप्रमाणे पाठीकडूनच बसवलं आणि एका अवकाळी सरीत सगळा पाऊस मांडीवर घेतला.

"लावणीत वाकायचं असतं बाई, हितं रेलायचं हाय," तो म्हणाला. "डोक्यातच आलं नाय." मग इरलं पुढच्या बाजूला फिरवलं आणि बघायला त्यात प्लास्टिकची खिडकी कापली.

पहिल्या दिवशी साक्षीदार म्हणून मी माझ्या लेडीज सायकलवरून बरोबर निघाले. थंडीचे दिवस, सकाळचे पावणेसहा. नाक्यावर दूधवाल्याने हटकलंच.

"काय रं किसन, खुराडं घेऊन कुठं? कोंबड्या इकायला?"

"एकच कोंबडा हाय रं, आन तो आठला मोहोपाड्यात आरवणार!"

असा प्रवास करू पाहणाऱ्यांसाठी सांगते. अंतर वीसेक किलोमीटर. सपाटीवर मोटार लावायची नाही. किसन एका पायाने शांतपणे मारत राहिला आणि माझ्या बरोबरीने आला. भात केव्हाच कापून झालं होतं, खाचरांत वाल वर आला होता, उजव्या हाताला माथेरानचा डोंगर धुक्यात होता. तीनचाकी खड्ड्यात जास्त हादरते, कारण एक चाक चुकवलं तरी दुसरं सापडतंच. बसणारा फार खाली असतो, म्हणून मागे उंच काठीला तांबडं फडकं हवंच.

चढण आली. किसनने खटका दाबला. गुंऽऽ असा आवाज झाला आणि तो माझ्यापुढे निघून गेला! मी उतरून सायकल ढकलत होते. एक टेंपो त्याच्या बाजूला हळू झाला. ड्रायव्हर ओरडला, "धर रं साखळी!"

"नको," किसन म्हणाला. "आज माजा मी जातो."

चौकला चहा घेतला. समोर इर्शाळगडाचा सुळका उन्हात आला होता. मुंबई-पुणे रस्ता ओलांडताना मी हात वर करून पुढे चालले आणि तो मागून आला. ट्रकवाल्यांना इतकं खालचं वाहन दिसत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे बराचसा उतार. पावणेआठला आम्ही फाटकावर होतो.

फाटकावरचे वॉचमन मामा तीनचाकीभोवती एक फेरी मारून आले.

"ही सायकल हाय का मोटार?"

"सायकलच हाय मामा. चढावर जरा मदत घेते."

"माज्या वहीत दोनच रकाने हायत. मोटार असंल तर नंबर दाव आन भायेर लाव. सायकल असंल तर आत घे, पण बॅटरी आत नाय. आत रसायनं हायत, आग लागली मंजी?"

"एवढा लांब आलो, मामा. स्टँडात कोपऱ्यात लावू दे की चार्जिंगला."

"साह्यबांचा कागद आण, लाव."

मी बोलायला लागले. माणसाच्या हक्कावर बोलले, कायद्यावर बोलले, आवाज चढवून बोलले. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बोट केलं. आठला पाच मिनिटं कमी होती.

किसनने पाना काढला, बॅटरी सोडवली आणि माझ्या पायाशी ठेवली. "बाई, येवढी सांभाळा." तीनचाकी ढकलत, पाय ओढत तो आत गेला. मग भोंगा झाला.

मी संध्याकाळपर्यंत झाडाखाली बॅटरीपाशी बसले. शाळा बुडाली. जवळच्या चहाच्या टपरीत वीज नव्हती. परतताना सकाळच्या उताराची चढण झाली आणि तिच्या मध्यावर मोटार मुकी झाली. तो उतरला, आम्ही दोघांनी तीनचाकी ढकलली. वर आल्यावर गुडघा धरून तो दगडावर बसला.

"उद्या कोण बसंल, बाई?"

तो दुसऱ्या दिवसापासून बॅटरी टपरीत ठेवू लागला. घरी रात्री भरलेली वीज जाण्यापुरती होती, येण्यापुरती नाही. रोज संध्याकाळी चढण तो ढकलत चढला. बारा दिवस सकाळी वेळेवर पोहोचला, एकदाही चुकला नाही. तेराव्या सकाळी गुडघा इतका सुजला होता की त्याला उठताच आलं नाही. त्याचं नाव कमी झालं.

यंत्रात काय खोट होती? काहीही नाही. रस्ता, चढण, थंडी, सगळ्याला ते पुरून उरलं. हवा होता तो फाटकाच्या आत एक प्लग. आणि त्यासाठी काय हवं होतं, हे मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साहेबांचा कागद. त्या बारा दिवसांत मी दोन सभा गाजवल्या, पगारावर बोलले, बोनसवर बोलले, टाळ्या घेतल्या. एका प्लगसाठी अर्ज लिहावा असं मला वाटलं नाही. मागणी फार लहान वाटली. आज इतक्या वर्षांनी घरी बसून हे लिहिताना त्या प्रवासातलं माझ्याजवळ राहिलं आहे ते हेच, न लिहिलेलं एक पान.

तुम्ही ते लिहा. याच आठवड्यात तुमच्या कारखान्याच्या किंवा कचेरीच्या व्यवस्थापकाच्या नावाने अर्ज करा: सायकल स्टँडमध्ये, छपराखाली, चार्जिंगचा एक प्लग द्यावा. बरोबरच्या सायकलवाल्यांच्या सह्या घ्या, अर्ज स्वतः नेऊन द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.