ओल्द्रिखचं पातेलं

चेक देशातल्या झाटेट्स गावच्या एका गल्लीत ओल्द्रिखचं बिअरचं सामान हिवाळा सरल्यापासून विक्रीला होतं, आणि ते विकलं जाऊ नये म्हणून खुद्द ओल्द्रिखच जिवाचं रान करत होता. मोठं पातेलं, गाळायचं पिंप, तांब्याच्या नळीचं वेटोळं, लाकडी ढवळणं. डब्यातला तयार अर्क पाण्यात कालवणाऱ्यांना तो बिअरवाले मानतच नसे. सातू भरडावा, शिजवावा, मग बिअरचं नाव घ्यावं!

पण बायकोचे, ब्लाझेनाचे, गुडघे रुसले होते. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर म्हणजे तिला गड चढणं. खालच्या धुण्याच्या खोलीत तिला न्हाणी हवी होती, आणि तिथे तर ओल्द्रिखचा हा बिअरचा संसार मांडलेला.

गिऱ्हाईक आलं की ओल्द्रिख म्हणे, "आधी यातली बिअर चाखा. शनिवारी शिजवू, मुरायला महिना-दीड महिना. मग बोलू." गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नसे.

राडोव्हान नावाचे एक शाळामास्तर मात्र म्हणाले, "चालेल काका. ढवळायला किती वाजता येऊ?"

ओल्द्रिखची पाचावर धारण बसली. मग त्याने बेत रचला. शिजत्या सातूतला थोडा भाग वेगळा काढून उकळतात, तोच तळाला लागू द्यायचा. बिअर करपट, सौदा बारगळला!

शनिवारी पातेलं रटरटू लागलं. ओल्द्रिख हात पाठीशी बांधून छताकडे बघत उभा. दारातून ब्लाझेना त्याच्याकडे बघत होती. तळाशी पहिलं 'फट्' वाजलं मात्र...

"सरका मास्तर, सरका!" त्याने ढवळणं असं गरगरा फिरवलं, की मास्तरांचा चष्मा सातूने माखला.

बिअर मुरली. पेले भरले. मास्तरांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

"काका, सामान गाडीत भरू?"

ब्लाझेना दारातून म्हणाली, "करपवणार होतास ना रे? त्या शनिवारी छताकडे बघत होतास, तेव्हाच ओळखलं मी."

"करपवणारच होतो गं. पण ती बिअर कुणीतरी पिणार होतं ना!"

ब्लाझेनाने आपला पेला पुढे केला. "भर. काठोकाठ."

सामान चढलं. मास्तरांनी आरशात पाहिलं, तर मागच्या सीटवर पातेल्याला मिठी मारून ओल्द्रिख बसलेला.

"काका, उतरा की!"

"पुलावरचं वळण वाईट आहे. तुम्ही पुढे बघा."

"अरे, जेवायला तरी येशील ना?" ब्लाझेना ओरडली.

"हे मास्तरांच्या घरी नीट बसलं, की आलोच!"