भासऱ्यांनी सेल काढला

दिग्रसमध्ये ज्या वस्तूला म्हणून स्क्रू आहे, ती आमच्या भासऱ्यांनी एकदा तरी उघडलेली आहे. आणि जिला स्क्रू नाही, तीही. भासरे म्हणजे आमच्याकडे नवऱ्याचे थोरले भाऊ. तीस वर्षं ते जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी ती धूड यंत्रं त्यांनी इतक्या वेळा खोलून जोडली होती, की घरातला मिक्सर आणि शिलाई मशीन त्यांना खेळण्यासारखी वाटत. पुढे कापसाचे दिवस फिरले. बाजारात गाड्या यायच्या कमी झाल्या, जिनचा भोंगा आधी दिवसाआड वाजू लागला, मग वाजेनासाच झाला, आणि भासरे आपला पेचकस घेऊन घरी आले. जिन बंद पडली म्हणून हात थोडेच बंद पडतात? ते आमच्या संसारावर चालू लागले.

कुकरची शिटी सुरात नाही म्हणून त्यांनी ती कानशीने घासली, तेव्हापासून आमची डाळ शिजली की नाही हे गल्लीत कुणालाच कळेनासं झालं. एका लग्नात नवऱ्या मुलाचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे असं त्यांच्या लक्षात आलं. मंगलाष्टकं सुरू व्हायला अवकाश होता. नवरदेव बोहल्यावर चढला तो उघड्या मनगटाने, आणि घड्याळाचं चक्र मांडवाच्या सतरंजीवर हुडकायला वरपक्षाची निम्मी माणसं ओणवी झाली होती. कुठलंही यंत्र पुन्हा जोडून झालं, की भासऱ्यांच्या तळहातावर एखादा स्क्रू उरलेला असे. त्याकडे ते शांतपणे पाहत आणि म्हणत, "कंपनीवाले एखांदा जास्तीच घालतात."

माझी खरी पंचाईत वेगळीच होती. मला त्यांच्यावर ओरडता येत नसे. आमच्या घरात धाकटी भावजय भासऱ्यांशी थेट बोलत नाही आणि भासरेही तिच्याशी बोलत नाहीत. पदर सावरायचा आणि जे बोलायचं ते तिसऱ्याला ऐकवायचं. घरी हे चालून जाई, कारण तिसरा म्हणजे आमचे हे असत. पण बसस्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका असं काम. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक बाक. रोज सकाळी दहाला भासरे येऊन त्या बाकावर बसत आणि यंत्रांकडे अशा नजरेने पाहत, जशी मांजर दुधाकडे पाहते. मग अर्ज टाइप करायला आलेल्या एखाद्या अनोळखी गृहस्थाला मी म्हणे, "त्यांना सांगा, प्रिंटर चांगला चालू आहे." भासरे त्याच गृहस्थाला म्हणत, "त्याइले सांगा, चालू हाय, पण आवाज बराबर नाही करून राह्यला." तो बिचारा मान डावीकडून उजवीकडे फिरवत राही. गिऱ्हाईक नसलं तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत असे.

त्या वर्षी माझ्याकडे एक काम होतं, ज्यात माझा जीव गुंतला होता. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या एक शिक्षिका, ज्यांना मी मॅडम म्हणत असे, दर शनिवारी शाळा सुटली की यायच्या. त्यांची आई, त्यांच्या गोरबोलीत याडी, होळीची लेंगी गाणी गायची. तिला लिहिता येत नव्हतं, आणि मॅडमनीही कधी लिहून घेतली नव्हती. याडी गेली, तेव्हा तिची गाणी आपल्या गळ्यातच राहून जातील या भीतीने मॅडम माझ्याकडे आल्या. त्या सांगायच्या आणि मी टाइप करायची. नुसते शब्द त्यांना आठवत नसत. आधी हलक्या आवाजात चाल धरायच्या, मग शब्द मागून येत. असं करत करत साठ-सत्तर गाणी झाली होती. होळीला दोन आठवडे होते आणि पुस्तिका छापून तांड्यावर वाटायची होती. या सगळ्याची सीडी काढून ठेवायची असं मी महिनाभर म्हणत होते. म्हणत होते, एवढंच.

त्या शुक्रवारी दुपारी मी जेवायला घरी गेले. लाइट गेलेली होती, ती चारला यायची. दुकान उघडं होतं, कारण बाकावर भासरे होते. परत आले तर कॉम्प्युटरचा डबा उघडा, शेजारी पेचकस, आणि भासऱ्यांच्या चेहऱ्यावर बारसं पार पाडल्याचं समाधान. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते कॅलेंडरलाच म्हणाले, "घड्याळ सात मिनिटं मागं राहे. आतमधी बटनावाणी सेल हाय, तो कमजोर होता. नवा टाकला."

लाइट आली. मशीन सुरू झाली आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, की एफ-वन दाबता की एफ-टू. मी पदर सावरून खुर्चीपर्यंत पोचायच्या आत भासऱ्यांनी एफ-टू दाबलं. का? तर एक नंबरवर सगळेच जातात, दोन नंबरवर गर्दी कमी असते. मशीन जोडून देणाऱ्याने करून ठेवलेल्या सगळ्या सेटिंग्ज सेल काढताच पुसल्या गेल्या होत्या, आणि त्या एका बटनाने ती कारखान्यातून निघाली तशी कोरी सुरू झाली. घड्याळात चार वर्षांपूर्वीचा एक जानेवारी आला. खाली एक ओळ उमटली: डिस्क बूट फेल्युअर. म्हणजे जिच्यात विंडोज होतं, माझी सगळी कामं होती, याडीची गाणी होती, ती हार्ड डिस्क मशीनला सापडतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी यवतमाळहून दुरुस्तीवाला आला. भरघोस मिशांचा, घाईतला माणूस. शनिवार असल्याने मॅडमही येऊन बसल्या होत्या. त्याने दोन-चार बटनं दाबली, पडदा निळा झाला, पुन्हा काळा झाला.

"फॉरमॅट मारा लागते," तो म्हणाला.

"मग त्यातलं?"

"त्यातलं जाते ना ताई. नवीन टाकून देतो सगळं."

गाणी कोण नवीन टाकणार होतं? मॅडमनी पर्समधून रुमाल काढला आणि तो नुसताच घडी घालत बसल्या. "काही काही कडवी आता मलेच आठवत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. तेच मला सोसलं नाही. मी वळले. पदर कुठे होता देव जाणे.

"भाऊजी, काहून हात लावला तुम्ही? कोणी सांगतलं होतं तुमाले?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि हे मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. दुरुस्तीवाला उगाचच वायर गुंडाळू लागला. भासरे उभे राहिले. आता चालायला लागतील असं वाटलं, पण ते कॅलेंडरकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "चुकलं माह्यं. पण याले पुसू देऊ नका. म्या खोललं, म्याच बसवतो. दोन दिवस द्या."

"काका, हे जिन नोहे," दुरुस्तीवाला हसला.

"जिनच हाय. इकडून कापूस जाते, तिकडून रुई निघते. मधात काय अडकलं, तेवढं पाहा लागते."

मी दोन दिवस दिले. विश्वास होता म्हणून नाही. त्यांच्या तोंडून 'चुकलं' ऐकून माझा रागच वाट चुकला होता.

मग भासऱ्यांनी शाळेची एक चारशेपानी वही आणली. सेटिंगच्या पडद्यावर जेवढ्या ओळी होत्या, तेवढ्या त्यांनी त्यात उतरवल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून अक्षरं चित्रासारखी काढली. मॅडम दोन्ही दिवस शेजारी बसून ओळी वाचून दाखवत. अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता. नियम एकच होता: "एका टायमाले एकच नट." एक ओळ बदलायची, मशीन पुन्हा सुरू करायची, काय झालं ते लिहायचं, ओळ होती तशी करायची, पुढची घ्यायची. मधे लाइट जाई. भासरे वहीवर हात ठेवून बसत. मी दात-ओठ खात अर्जवाल्यांना परत पाठवत असे. मला तर तिथेच ती वही फाडावी असं दहा वेळा वाटलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांना सापडलं, की मशीन आधी फ्लॉपीचं दार ठोठावते, मग सीडीचं, आणि हार्ड डिस्कच्या दारापर्यंत जातच नाही. ते दार त्यांनी पहिल्या नंबरवर आणलं. विंडोजचं चित्र उमटलं, मी टाळी वाजवायला हात उचलले, आणि पडदा निळा होऊन मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. रविवार सगळा त्यात गेला. आठ ओळी, बारा ओळी, सतरा ओळी. लाइट परत आली तेव्हा भासरे एका ओळीवर थांबले. तिथे हार्ड डिस्क चालवायच्या दोन पद्धती होत्या, एक जुनी, एक नवी. मशीन नवीवर होती.

"जोडणाऱ्यानं जुनीवर ठेवली असंन," ते म्हणाले. "जुन्या पट्ट्यावर नवी पुली नाही बसत."

त्यांनी जुनी पद्धत धरली. चित्र उमटलं. निळं झालं नाही. पडद्यावर माझ्या फाइली एकेक करून येऊन बसल्या. मी गाण्यांची फाइल उघडली, आणि मॅडम आपल्याच नकळत पहिल्या गाण्याची चाल गुणगुणू लागल्या. भासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पडद्याच्या कोपऱ्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तारीख तेवढी दुरुस्त करून घ्या." मी आधी सीडी काढली, दोन काढल्या, आणि मग तारीख दुरुस्त केली.

त्यानंतर आम्ही बोलू लागलो. बोलू लागलो म्हणजे भांडू लागलो. "भाऊजी, ठेवा तो पेचकस." "नुसतं पाहून राह्यलो." "पाहायला पेचकस कायले लागते?" असं रोज दहापासून.

आता ते अमरावतीला मुलीकडे असतात. तिथे सगळं नवं, गुळगुळीत आणि चिकटवून बंद केलेलं. मुलगी म्हणते, बाबा, आराम करा. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत, पाणी, पीक, हे सगळं दोन मिनिटांत उरकतं, आणि मग ते खाकरून विचारतात, "बाकी सारं चालू हाय ना?"

परवाही विचारलं. सगळं चालू होतं. मी डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. तो आपला मुकाट्याने गरगरत होता.

"नाही भाऊजी," मी म्हटलं, "पंखा कुरकुर करून राह्यला."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "कोन्या बाजूनं? सुरू करतानी का बंद करतानी?"

"सुरू करताना."

"हां," ते म्हणाले, आणि आवाजात इतक्या दिवसांनी जीव आला. "हात नका लावू कोणी. दिवाळीले येतो मी."

दिवाळीला अजून सात महिने होते.