गुणांच्या फाईलचा मालक

वाशीमच्या आमच्या कॉलेजातली संगणक प्रयोगशाळा मी अकरा वर्षं एकट्यानं सांभाळली. मग शेलूबाजारहून रोज जीपनं येणारी एक मॅडम रुजू झाली. महिनाभरात प्राचार्य माझं टेबल ओलांडून तिच्यापाशी थांबू लागले. माझा डबा मला गोड लागेना.

मुलांनी जमा केलेल्या फाईली ज्याच्या त्याच्या नावावर करायचं काम मी हातानं करायचो. तिनं त्यासाठी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मला म्हणाले, "एकदा नजर घाला."

घातली. चूक लगेच दिसली. फोल्डरमध्ये फाईलऐवजी दुसऱ्या फाईलकडे नेणारी नुसती लिंक असली, तर स्क्रिप्ट लिंकची नव्हे, त्या मूळ फाईलचीच मालकी बदलणार होती. शिवाय ती चालणार रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून. आज्ञेत एक अक्षर वाढवलं असतं तरी भागलं असतं.

"बरोबर हाय," मी सांगितलं. पडू दे तोंडावर, असं मनात होतं.

पंधरा दिवसांनी शेवटच्या वर्षाची एक मुलगी धावत आली. "मॅडम, गुणांची फाईल माह्या नावावर होऊन गेली! मी तं मार्क लवकर पाहाले नुसती लिंक टाकली होती."

आता त्या फाईलमध्ये ती वाटेल ते लिहू शकत होती. रूटचा पासवर्ड माझ्याकडेच होता; तो माझ्याकडून टाकून घेऊन मॅडमनं स्क्रिप्ट थांबवली, मालकी परत कार्यालयाच्या खात्याकडे दिली, जुन्या प्रतीशी गुण ताडून पाहिले. एकही बदललेला नव्हता. मग स्वतःच प्राचार्यांकडे गेली. "सर, चूक माही हाय. पोरीचा दोष नाही." त्यावरही तिचं कौतुकच झालं!

परत आल्यावर तिनं मला विचारलं, "सर, तुमी वाचली होती ना? तुमाले दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं? त्या पोरीवर चोरीचा आळ आला असता तं?"

तिनं हे प्राचार्यांना सांगितलं नाही, आणि तिचा तो मोठेपणाही मला सोसवेना. शेवटी मीच जाऊन सांगितलं. प्रामाणिकपणात तरी तिनं एकटीनं पुढे जाऊ नये, हेच त्यात जास्त होतं. प्राचार्यांनी दार लावायला सांगितलं. त्या आठवड्यात रूटचा पासवर्ड तिच्याकडे गेला.