माडाच्या गुळाचा वास

थोडं करपल्याशिवाय जगातल्या कुठल्याही गोष्टीचा खरा वास कळत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला : आमच्या ताईचे सासरे. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही म्हणून पंगती धरल्या. शेजाऱ्याच्या पोळीवरचा डाग दाखवून सांगायचे, हा साखर आणि अमिनो आम्लांचा संसार, आचेवर गाठ पडली की रंग येतो, वास येतो. तोवर शेजाऱ्याची आमटी निवायची. ताईला बघायला आले तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं, की पोळीला डाग का पडतात. ताई म्हणाली, लक्ष नसतं म्हणून. लग्न तिथेच ठरलं.

भाट्याला, त्यांच्या गावी, घरामागे एक माड आहे. बायको गेली तेव्हा तिची मूठभर राख पुरून त्यावर त्यांनी तो लावला. माड पोय, म्हणजे फुलोरा, टाकू लागल्यावर रीतसर परवाना काढून ते दर हिवाळ्यात त्याची नीरा आटवून गूळ करू लागले. एकदा मला सहज म्हणाले, "मुळं जमिनीतून जे घेतात, त्यातूनच माड अमिनो आम्लं करतो. आणि जमिनीत कोण आहे, तुला ठाऊक आहे." मी हातातला गुळाचा खडा हळूच बशीत ठेवला. ते मात्र कढईचा वास घेऊन घरात जाहीर करायचे, आज रागावल्येय, आज बरी आहे. ताईला त्याची सवय झाली होती.

गेल्या वर्षी तापात त्यांचं नाक गेलं, कसलाच वास येईना. गूळ केला, वास घ्यायला शेजारीपाजारी बोलावले. सगळ्यांनी गुळासारखाच वास येतो म्हणून सांगितलं आणि एकेक ढेप घरी नेली. ते दिवसेंदिवस खंगत चालले. बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखी झाली होती त्यांना.

एका भर दुपारी त्यांनी मला कढईपाशी बसवलं. ताई बाजारात गेली होती. त्यांच्या बायकोला मी कधी पाहिलंही नव्हतं, त्या ताईच्या लग्नाआधीच गेल्या. मी वाकून वास घेतला.

"करपलेल्या दुधाचा वास येतोय," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. "रोज करपवायची," ते म्हणाले. "पुस्तक घेऊन बसायची नि विसरायची." मग आतल्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "अगो, दूध उतरव."

गूळ काय, करपलेलं दूध काय, दोन्ही एकाच रसायनाचे, असा वास येणारच, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी मी उठून आत जाऊन पाहिलं. शेगडी बंद होती, ओटा कोरडा होता. बाहेर आलो तर ते लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"उतरवलंन् का?"

मी हो म्हटलं.